जोडणीशिवाय चार रात्री: रॉकी माउंटनमध्ये मोठा ट्रेलर कसा लावावा

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये ग्लेशियर बेसिन हा कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीपासून साधारण २,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या जागांवर विजेचा खांब नाही, नळाची जोडणी नाही, सांडपाण्याचा पाइपही नाही. म्हणजे चार माणसांना चार रात्री पुरेल एवढी वीज, पाणी आणि गॅस ट्रेलरमध्येच (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात) असायला हवा, आणि वापरलेले पाणी साठवायला टाकीत जागाही हवी. बहुतेक लोक पाण्याची काळजी करत जातात. प्रत्यक्षात आधी संपते ती बॅटरी, आणि तीही पहाटे, थंडी सर्वात जास्त असते तेव्हा. म्हणून पुढची सगळी तयारी बॅटरीला मध्यभागी ठेवून सांगितली आहे. हिशेब दोन आसांच्या, सुमारे ३० फुटी ट्रेलरचा आहे.

जागा निवडताना

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. उन्हाळ्यातल्या जागा झपाट्याने भरतात, त्यामुळे तारीख खुली होईल त्याच सकाळी बसावे लागते. त्याआधी ट्रेलर स्वतः टेपने मोजा, हिचच्या (गाडीला जोडणाऱ्या आकड्याच्या) टोकापासून मागच्या बंपरपर्यंत. मॉडेलच्या नावातला आकडा बहुधा आतल्या खोलीचा असतो. नावात २६ असलेला ट्रेलर बाहेरून सहज ३० फूट भरतो. ग्लेशियर बेसिनमध्ये ३५ फुटांपर्यंतची वाहने चालतात, पण प्रत्येक जागेची लांबी वेगळी असते. त्या त्या जागेच्या नोंदीत दिलेला आकडाच खरा धरा.

दोन गोष्टी आणखी पाहा. काही लूपमध्ये (कॅम्पग्राउंडच्या विभागांत) जनरेटरला पूर्ण मनाई असते. जिथे परवानगी आहे तिथे वेळ सकाळी ७:३० ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८:३०. दुसरी गोष्ट ऊन. पाइन बीटल या किड्याने इथली बरीच लॉजपोल पाइनची झाडे मारली आणि ती तोडावी लागली, त्यामुळे काही भाग अगदी मोकळा आहे. सोलर पॅनेल असेल तर सावलीचा मोह सोडून हीच उघडी जागा घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरच्या अंगणात एक रात्र

निघण्याच्या आठवडाभर आधी ट्रेलरची विजेची वायर काढा आणि एक रात्र आत झोपा. फर्नेस (गॅसवरचा हीटर) लावा, दिवे लावा, पंप वापरा. सकाळी बॅटरीचे व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरी सगळे बंद करून थोडा वेळ ठेवल्यावर १२.१ व्होल्टच्या खाली दिसली, तर ती निम्मी संपली आहे. त्याहून खाली वारंवार नेली की तिचे आयुष्य भराभर कमी होते.

दिवसाचा हिशेब साधारण असा येतो. फर्नेसचा पंखा चालताना सुमारे ८ अँपिअर घेतो. बाहेर २-३ अंश तापमान असेल तर दहा तासांच्या रात्रीत तो मिळून चार तास तरी चालतो: ३२ अँपिअर-तास. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजचे सर्किट, गॅस गळती दाखवणारा सेन्सर आणि असले सतत जागे राहणारे भाग मिळून दिवसाला २० अँपिअर-तास. पंप ३, एलईडी दिवे ४, फोन वगैरे ६. बेरीज ६५. फ्रीज १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर चालत असेल तर त्यात आणखी ४० ते ६० मिळवा.

आता ट्रेलरसोबत आलेली साधी बॅटरी पाहा. ७५-८० अँपिअर-तासांची असते, त्यातले वापरता येतात जेमतेम ४०. ती रात्रभर पुरणार नाही, आणि पुरत नाही तेव्हा घडते ते असे: पहाटे व्होल्टेज उतरते, पंखा मंद फिरतो, फर्नेसमधली हवेच्या झोताने मिटणारी सेल स्विच नावाची छोटी पट्टी मिटत नाही, आणि ती मिटल्याशिवाय बर्नरला गॅस सुटत नाही. गार हवा फेकत पंखा उरलीसुरली वीजही संपवतो. लोक फर्नेस बिघडला म्हणून उघडून बसतात. दोष बॅटरीचा असतो.

उपाय दोन. सहा व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की सुमारे २२० अँपिअर-तास मिळतात, त्यातले ११० वापरता येतात. किंवा १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घ्या. त्या जवळजवळ पूर्ण वापरता येतात. लिथियम लावताना ट्रेलरचा कन्व्हर्टर (बॅटरी चार्ज करणारा भाग) १४.४ ते १४.६ व्होल्ट देतो का, हे तपासा. जुना असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर हिचजवळच्या डब्यात न ठेवता आत, पलंगाखाली बसवा.

टाक्या, गॅस आणि वजन

१७० लिटरची टाकी चार जणांना काटकसरीने तीन दिवस पुरते: पिणे-स्वयंपाक १२ लिटर, भांडी १०, हात-तोंड ८, टॉयलेट ६, आणि दिवसाआड अंघोळ धरून १६. म्हणजे ५२ लिटर रोज. चौथ्या दिवसासाठी २५ लिटरचे दोन कॅन सोबत ठेवा आणि कॅम्पग्राउंडच्या नळावर भरा. शॉवरपेक्षा छोटी बादली आणि तांब्या बरा: आठ लिटरमध्ये व्यवस्थित अंघोळ होते, आणि पाणी गरम होईपर्यंत जे वाया जाते तेही बादलीत धरून टॉयलेटला वापरता येते. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. सिंक-शॉवरच्या पाण्याची म्हणजे ग्रे टाकी १३० लिटरची असेल तर या बेताने ती जेमतेम चार दिवस टिकते. तिच्यातले पाणी झाडांना घालणे किंवा जमिनीवर सोडणे पार्कमध्ये बेकायदा आहे, थेंबभरसुद्धा.

टॉयलेटच्या ब्लॅक टाकीत निघण्यापूर्वीच चार-पाच लिटर पाणी आणि औषध घाला. कोरड्या टाकीत मैला तळाला थापला जातो आणि नंतर कशानेही हलत नाही.

प्रोपेनचे दोन ९ किलोंचे सिलिंडर भरून घ्या. फर्नेस, फ्रीज, गीझर आणि शेगडी मिळून थंड दिवसाला पावणेचार किलो जातो. एका सिलिंडरवर चार रात्री निघणार नाहीत.

पाण्याची टाकी घरून पूर्ण भरून नेऊ नका. वाटेत लागेल तेवढे, पाव टाकी, पुरे. बाकीचे पार्कच्या डंप स्टेशनजवळ (सांडपाणी सोडायच्या जागेजवळ), पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरा. चढावर १३० किलो कमी ओढावे लागते. शिवाय बऱ्याच ट्रेलरमध्ये ही टाकी आसाच्या मागे असते. ती भरली की हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. जड सामान पुढे आणि खाली ठेवा.

रस्ता

डेन्व्हरकडून लायन्समार्गे एस्टेस पार्कला जाणारा यूएस ३६ घ्या. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ट्रेलरच्या टायरवर वेगमर्यादा छापलेली नसेल तर ताशी १०४ किलोमीटर ही कमाल समजा. दर हजार फुटांना टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत चौथा हिस्सा गेलेला असतो. गाडीची ओढण्याची क्षमता कागदावर काठावर असेल तर हा घाट तिच्यासाठी नाही. पार्कमध्ये ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. तो ट्रेलर तळावर ठेवून नुसत्या गाडीने पाहावा. ओल्ड फॉल रिव्हर रोडवर तर ट्रेलरला बंदीच आहे.

मुंबई-पुण्याहून आलेले आई-वडील सोबत असतील तर आदली रात्र डेन्व्हरला काढा. समुद्रसपाटीवरून थेट २,६०० मीटरवर गेले की डोके दुखते, झोप लागत नाही. झोपेत श्वास चालू ठेवणारे सीपॅप मशीन लागत असेल तर त्याची वीजही हिशेबात धरा. त्यातला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर खप बराच उतरतो.

ट्रेलर उभा करणे

क्रम चुकवू नका. मागे घेण्यापूर्वी खाली उतरून जागा पाहा: वर फांद्या, बाजूला खडक, स्लाइड-आउट (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) उघडायला मोकळी जागा. मागे उभ्या असलेल्या माणसाशी फोन चालू ठेवा. तो आरशात दिसेनासा झाला की थांबा. स्टिअरिंगचा तळ धरा. हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचे ढुंगण वळते.

आधी डावी-उजवी पातळी, खालच्या बाजूच्या चाकांखाली लेव्हलिंग ब्लॉक घालून. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून पाचरी. त्यानंतरच हिच सोडा, आणि पुढची-मागची पातळी हिचच्या जॅकने साधा. कोपऱ्यातले स्टॅबिलायझर (टेकू) शेवटी आणि हलकेच. ते हादरा थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला गेलात तर वाकतात. गॅसवरच्या फ्रीजसाठी पातळी फारच महत्त्वाची. त्यात अमोनियाचे द्रावण फक्त उताराने वाहते. फ्रीज फार कललेला राहिला तर ते एका जागी साचून तापते आणि कूलिंग युनिट कायमचे निकामी होते.

रोजचा क्रम

उन्हाळ्यात रॉकीजमध्ये दुपारी एक-दोनच्या सुमारास ढग चढतात, गडगडाटी पाऊस येतो. सोलरची कमाई सकाळची. सुटे पॅनेल असेल तर उठल्याबरोबर पूर्वेकडे कलते करा, दहानंतर दक्षिणेकडे फिरवा. २०० वॅटच्या पॅनेलमधून चांगल्या दिवशी ५५-६० अँपिअर-तास मिळतात, म्हणजे रात्रीची तूट जवळजवळ भरून निघते. उरलेली जनरेटरने भरायची असेल तर सकाळची पाळी वापरा, कारण रिकामी बॅटरी वेगाने चार्ज घेते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी लेड-ॲसिडला तासन्‌तास लागतात आणि ते काम सोलरवर सोडावे. १,८०० वॅटचा जनरेटर इथे तेराशे-साडेतेराशे वॅटच देतो. मायक्रोवेव्ह आणि चार्जर एकदम लावले की तो बसतो. त्याचे धुराचे तोंड सगळ्या खिडक्यांपासून लांब, निदान ६ मीटरवर ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आदल्या दिवशी तपासून घ्या.

रात्री फर्नेस १३-१४ अंशांवर ठेवून जाड पांघरुणे घ्या. दर अंशाला पंख्याची मिनिटे वाचतात. जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरमध्ये पारा शून्याखाली जातो. झोपण्यापूर्वी सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवली की नळ्यांना ऊब मिळते.

या उंचीवर पाणी साधारण ९१-९२ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी कण राहतो आणि गॅस फुकट जातो. कुकर न्या. भात-डाळ एकाच कुकरमध्ये भांड्यांत लावा आणि घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या. राजमा-छोले घरीच भिजवून, शिजवून, गोठवून आणा. वाटेत फ्रीजचा भारही हलका होतो. शेगडी चालू असताना एक खिडकी बोटभर उघडी हवीच, कारण विरळ हवेत ज्योत पिवळी पडते.

खाणे, तेल, टूथपेस्ट, साबण, कुत्र्याची वाटी, कचरा: वास येणारे काहीही रात्री किंवा तळावर कोणी नसताना बाहेर ठेवायचे नाही. ट्रेलरची दारे-खिडक्या बंद, किंवा लोखंडी फूड लॉकर. अन्नाची चटक लागलेले काळे अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि बऱ्याचदा त्यालाच मारावे लागते. एल्क या मोठ्या हरणापासून २३ मीटर आणि त्याहून मोठ्या मूस हरणापासून व अस्वलापासून ३६ मीटर अंतर राखा. लाकूड जंगलातून गोळा करता येत नाही. विकत घ्या आणि ठरलेल्या कड्यातच पेटवा. फिरायला निघताना ऑनिंग (दाराबाहेरचे कापडी छत) गुंडाळा. दुपारच्या एका झोतात तिचे हात पिळवटतात.

निघताना

डंप स्टेशनवर हातमोजे घालून आधी ब्लॅक टाकी सोडा, नंतर ग्रे. साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, वेगळ्या डब्यात. डंपजवळच्या धुण्याच्या नळाला तो कधीच लावू नका.

मग एक फेरी मारा: पायऱ्या आत, अँटेना खाली, छतावरची झडप बंद, पाचरी उचललेल्या, साखळ्या हिचखाली फुलीत, ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी तार जोडलेली. दिवे कोणाला तरी मागे उभे करून तपासा. एस्टेसच्या खिंडीपासून लायन्सपर्यंत लांब उतार आहे. टो-हॉल मोड (गाडीची ओझे ओढतानाची गिअर-व्यवस्था) आणि खालचा गिअर वरूनच टाका. ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून सोडा, वेग पुन्हा वाढू द्या, परत दाबा. लायन्सला थांबून प्रत्येक चाकाच्या मध्यापाशी हाताचा पंजा जवळ न्या. चारपैकी एकच जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे किंवा बेअरिंग जात आहे. महामार्गाला लागण्याआधी मेकॅनिकला बोलवा.