गड्ड्यावरचा लघुप्रबंध असा मार्गी लागला

एमएच्या लघुप्रबंधाला मी सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा घेतली, पण विषय आवरेना. शहरभरची ६८ लिंगं, मिरवणुकीतले सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या), शिवाय बाजार आणि पाळणे! वर्णनच वाढत चाललं होतं, प्रश्न हाती लागत नव्हता. मग फक्त संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ठेवला आणि एकच विचारलं: सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागताना जमलेली गर्दी प्रेक्षक की वऱ्हाडी? या प्रश्नाने नोंदी आपोआप चाळल्या गेल्या. लग्नाच्या संमतीचं वाचन होतं आणि बाराबंदीतल्या (पारंपरिक पांढऱ्या पोशाखातल्या) मानकऱ्यांसोबत लांबवरची माणसंही अक्षता टाकतात. प्रकरण तिथूनच सुरू केलं. सिद्धांताचं स्वतंत्र प्रकरण केलं नाही (ते वाचतं कोण?), त्या त्या प्रसंगालाच जोडला. मुलाखतींतली कानडी-तेलुगू मिसळलेली मराठी तशीच ठेवली. पाळण्यांवरची पानं गेली, त्याचं थोडं वाईट वाटलं.