इलेक्ट्रिक स्कूटरने रोज ऑफिस गाठता? मग या चुका टाळा

गेली चार वर्षं मी रोज जाऊन-येऊन ३४ किलोमीटर इलेक्ट्रिक स्कूटरने जातो. ओळखीत कुणाच्या गाडीने त्रास दिला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी गेली वाटतं." बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. बिनसलेलं असतं दुसरंच काहीतरी, आणि तेही घरच्या घरी सापडण्यासारखं.

रेंज घटली की बॅटरीवर खापर फोडणं

रेंज म्हणजे एका चार्जवर गाडी जेवढी जाते ते अंतर. ती घटली की आधी टायर बघा. हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर जास्त दबतो आणि तेवढीच वाट कापायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेजने मोजा, तेही सकाळी गाडी काढण्याआधी टायर थंड असताना. ब्रेक घासतोय का, हेही तेव्हाच बघून घ्या. गाडी बंद करून मधल्या स्टँडवर लावा आणि पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे.

मग स्वतःचा वेग आठवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात, तर नुसती हवा कापायला दर किलोमीटरला सव्वादोन पट ऊर्जा लागते. समजा बॅटरी अडीच युनिटची, म्हणजे २,५०० वॅट-तासांची आहे. किलोमीटरला ३० वॅट-तास खर्च झाले तर ती ८३ किलोमीटर नेईल, ४० खर्च झाले तर जेमतेम ६२. बॅटरी तीच, गाडी तीच. उशीर झाला म्हणून रोज स्पोर्ट मोडमध्ये गाडी हाणणाऱ्याला हा हिशोब लगेच पटेल. थंडीतही रेंज घटते, पण ती ऊन वाढलं की परत येते.

हे सगळं ठीक असूनही महिनोन् महिने रेंज घसरत असेल, तर मात्र सर्व्हिस सेंटरला बॅटरीची तपासणी करायला सांगा.

घरी पोचल्या पोचल्या चार्जर लावणं

ही सवय मोबाइलवरून आलेली. उन्हातून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते, त्यात चार्जिंगची उष्णता भर घालते, आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेइतकं दुसरं फारसं काही खात नाही. तासभर गाडी सावलीत थंड होऊ द्या.

किती चार्ज करावं, याचं एकच उत्तर नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या लिथियम बॅटरीला रोजच्या धावपळीसाठी ८० ते ९० टक्के पुरे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची असेल तर मधूनमधून १०० टक्के भरावी, नाहीतर स्क्रीनवरचा आकडा हळूहळू खोटा बोलायला लागतो. आपल्या गाडीत कुठली आहे, ते पुस्तिकेत सापडतं. शेवटचे दहा-वीस टक्के भरायला वेळ लागतो, तो चार्जरचा बिघाड नव्हे. बॅटरी भरत आली की करंट मुद्दाम कमी केला जातो.

मिळेल त्या एक्स्टेंशनला प्लग खोचणं

यावर मी जरा जास्तच बोलतो, कारण डोळ्यांनी पाहिलंय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका सहकाऱ्याची गाडी बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर चार्ज होत होती. प्लग काढायला हात लावला तर चटका बसला. सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका भोकाभोवती तपकिरी झालं होतं, पिनेवर काजळी होती. गाडी मात्र निमूट चार्ज होत होती, कुठलीही सूचना नाही.

चार्जर कित्येक तास सलग करंट ओढतो. सॉकेट ढिलं असेल तर तिथेच उष्णता साठते. भिंतीतलं अर्थिंग असलेलं घट्ट सॉकेट वापरा आणि अर्ध्या तासाने प्लगजवळ हात नेऊन बघा. कोमट ठीक, गरम लागलं तर स्विच बंद करा. आणि जिना किंवा बाहेर पडायच्या वाटेत चार्जिंग कधीच नको. आग लागलीच, तर सुटायची वाट तीच असते.

गाडी चालूच होत नाही म्हणून टो करायला बोलावणं

स्क्रीन उजळते, पण थ्रॉटल दिला तरी गाडी हलत नाही? साइड स्टँड बघा. स्टँडच्या सेन्सरवर चिखल बसला तर गाडीला स्टँड खाली आहे असंच वाटतं. माझी गाडी एकदा याच कारणाने चौकात अडली होती, ओल्या फडक्याने पुसल्यावर सुटली. ब्रेकची कांडी अर्धवट दाबलेली राहिली तरी मोटर बंद राहते.

स्क्रीनच येत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत असलेली १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असू शकते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की हे होतं, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. लांब सुट्टीवर जाताना मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवा आणि छोटीचं काय करायचं ते पुस्तिकेत बघून घ्या.

पाण्याबाबत गाफील राहणं

पाणी-धुळीपासून बचावाचं आयपी ६७ हे मानांकन म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास टिकल्याची चाचणी. प्रेशरच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही. शिवाय आकडा नुसत्या बॅटरीचा आहे की अख्ख्या गाडीचा, तेही तपासा. चार्जिंग पोर्ट ओला असेल तर कोरडा होईपर्यंत थांबा.

मोटरच्या ब्रेकवर विसंबणं

थ्रॉटल सोडला की मोटर गाडीच्या वेगातली ऊर्जा बॅटरीत परत भरते, त्यामुळे गाडी आपोआप मंदावते, आणि हाताला त्याची सवय होते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती ऊर्जा साठवायला जागा नसते, म्हणून हे मंदावणं कमी होतं किंवा थांबतंच. रात्री १०० टक्के चार्ज केलं असेल, तर सकाळी पहिल्या उताराला लागण्याआधीच बोटं ब्रेकवर असू द्या.