गूगलमध्ये आपल्या वेबसाइटचं नाव नुसतं ‘होम’ दिसतंय?

गुहागरला मावशीचं घरगुती राहण्याजेवण्याचं आहे. वेबसाइट छान, पण गूगलवर ‘गुहागर घरगुती जेवण’ शोधलं तर तिचा पत्ताच नाही. कारण प्रत्येक पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’, आणि दरपत्रक, जेवणाची यादी सगळं एका फोटोत. अर्ध्या तासाचं काम होतं.

१. गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता टाइप करा. गूगलला माहीत असलेली आपली पानं साधारण कळतात. एकही दिसलं नाही आणि साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल, तर त्याच्या सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण राहिली आहे का बघा. साइट बनवताना केलेली ती खूण काढायची बरेचदा राहून जाते.

२. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या, गिऱ्हाईक शोधताना जे लिहील तेच. ‘होम’ काढून आम्ही ‘गुहागर समुद्राजवळ घरगुती राहणं आणि जेवण’ केलं.

३. फोटोतला मजकूर पानावर टाइप करा: उकडीचे मोदक, सोलकढी, खोलीचं भाडं, सगळं. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या वर्णनात, चित्रात काय आहे ते एका ओळीत लिहा. अंध वाचकांना स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

४. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. तिथे पानाचा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा, म्हणजे गूगलला पान पुन्हा तपासायची विनंती जाते. बदल दिसायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात.

शीर्षक बदला, पण पानाचा पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावा, नाहीतर लोकांनी आधी पाठवलेल्या लिंक उघडणार नाहीत.