चिलार हटवायची तर औषध ब्रशने लावा, पंपाने नको

सोलापूरजवळचा नान्नज, मार्डी, अकोलेकाटीकडचा माळ उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे त्या गवताच्याच आधाराने राहतात. त्यात चिलार, म्हणजे वेडी बाभूळ, दाटली की खालचं पवन्या आणि मारवेल गवत विरळ होत जातं आणि उघड्यावर अंडी घालणारे पक्षी जागा सोडतात. नुसती तोडून भागत नाही. बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि झुडूप आधीपेक्षा दाट होतं. बुंधा मारायला तणनाशक लागतं, पण अगदी थोडं, आणि तेही फक्त ताज्या कापावर.

आधी जमीन कोणाची ते पाहा. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीवांना अपाय होईल असं रसायन वापरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 32 नुसार बंदी आहे. तिथलं काम वनविभागाचं. खाली दिलंय ते मालकीच्या पडीक माळासाठी. इथे लागणारं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. त्याबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये आदेश काढला, त्यानुसार ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं आहे. काम ठरवण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात सध्याचा नियम विचारा आणि डब्यावरचं लेबल अखेरचं माना.

झाड ओळखण्यात चूक झाली तर नुकसान भरून येत नाही. चिलारीचा फुलोरा लांब, पिवळसर हिरव्या शेपटीसारखा असतो, शेंग फिकट पिवळी, गोडसर आणि सलग. आपल्या देशी बाभळीचं फूल गोल पिवळा गोंडा, शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळलेली. हिवराची साल फिकट असते. देशी बाभूळ, हिवर, बोर, तरवड यांना हात लावू नका. तोडायच्या झाडांवर आदल्या दिवशीच चुन्याची खूण करा. त्याच फेरीत बिळं बघा. लांडग्याचं किंवा खोकडाचं बीळ असेल तर तो तुकडा सोडून द्या.

काम ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या काळात उरका. पाऊस संपलेला असतो आणि झाड रस मुळांकडे उतरवत असतं, त्याबरोबर औषधही खाली जातं. मार्चपासून माळटिटवी अंडी घालते आणि पावसाबरोबर इतर पक्षी अंड्यांवर बसतात, तेव्हा माळावर तोड नको.

पद्धत अशी. खोड जमिनीपासून 5 ते 10 सेंटिमीटरवर करवतीने आडवं, सपाट कापा. भुसा आणि माती फडक्याने पुसा, कारण ग्लायफोसेट मातीला चिकटून निकामी होतं. 41 टक्के एसएल ग्लायफोसेट आणि स्वच्छ पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे 250 मिलीला 250 मिली. गढूळ पाणी घेऊ नका. त्यात थोडा निळा रंग टाकला की कुठल्या बुंध्याला लागलं ते लांबून दिसतं. एक इंची ब्रशने सालीच्या आतल्या ओल्या कडेवर लावा. मधलं लाकूड मेलेलंच असतं, तिथे ओतणं म्हणजे औषध वाया. कापणं आणि लावणं यांत 5 मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. एकाने कापावं आणि दुसऱ्याने ब्रश घेऊन लगेच मागे असावं. दिवसभर तोडून संध्याकाळी औषध लावत फिरलं की बुंधे फुटतातच, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एका झुडपाची खोडं पाच असतील तर पाचही कापांना औषध लावायचं.

रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पंपाने फवारलंत तर वाऱ्याबरोबर औषध मारवेलीवर पडेल आणि जे वाचवायचं तेच जळेल. पॅराक्वाट तर आणूच नका. ते पानं जाळतं, मुळापर्यंत जात नाही, आणि माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ओढ्याच्या किंवा विहिरीच्या काठावर औषध न लावता कुदळीने 30 सेंटिमीटरपर्यंत उकरून, फुटवा येतो तो भाग पूर्ण काढून मूळ खालून तोडा. मेहनत चौपट आहे, पण खात्रीचं आहे. जेसीबी मात्र नको. तो पातळ मुरुमावरचा मातीचा थर खरवडतो आणि उघड्या जागेत चिलारीच्याच बिया आधी रुजतात.

दाट झुडपापासून सुरुवात करू नका. जिथे गवत अजून टिकून आहे आणि चिलार तुरळक आहे, तो पट्टा आधी घ्या, गवत स्वतःच जागा भरून काढतं. पहिला पावसाळा तिथे चराई बंद ठेवा. दोन महिन्यांनी आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर फेरी मारा, फुटलेला बुंधा नव्याने कापून औषध लावा, लहान रोपं ओल असताना हाताने उपटा. हे दोन-तीन वर्षं चालतं.

आणि शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या असतील तर आठवडाभर त्यांना साफ केलेल्या माळावर आणू नका. लेंड्यांतून बी अख्खं पडतं आणि कळप बसवलेल्या जागी पहिल्या पावसात रोपांचा गालिचा उगवतो.