स्ट्रेप्टोकोकस शिकायचाय? आधी फॉर्म वाचा

गोव्यात आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना स्ट्रेप्टोकोकसचा, म्हणजे साखळीने राहणाऱ्या गोल जंतूंचा, तक्ता पाठ असतो. रक्त घातलेल्या प्लेटवर (ब्लड अगार) जंतूभोवती लाल पेशी कशा फुटतात, म्हणजे हिमोलिसिस, त्यावरून अल्फा म्हणजे हिरवट, बीटा म्हणजे आरपार स्वच्छ, गॅमा म्हणजे काहीच नाही, वर लान्सफिल्ड या शास्त्रज्ञ बाईंनी पाडलेले ए, बी, सी, डी गट. परीक्षेला एवढं पुरतं. मग घशाच्या स्वॅबची पहिली प्लेट हातात येते, ब्लड अगारवर जिथे तिथे हिरवट दिसतं, आणि "मॅडम, स्ट्रेप्टो आलाय!" अशी हाक येते. आलेला असतोच. व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकोकस आपल्या सगळ्यांच्या तोंडात कायम मुक्कामाला असतात. घशाच्या नमुन्यात त्यांचा रिपोर्ट द्यायचा नसतो.

तेच जंतू रक्ताच्या कल्चरमध्ये वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन-तीन बाटल्यांत आले आणि फॉर्मवर 'झडपेचा जुना आजार, बरेच दिवस ताप' असं लिहिलेलं असेल, तर लगेच वॉर्डला फोन लावायचा. एन्डोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या झडपांवरच्या संसर्गाची, शक्यता मोठी असते. म्हणून नव्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती हीच की झाकण उघडण्याआधी नमुन्यासोबत आलेला फॉर्म वाचा. वय काय, नमुना कुठला, अँटिबायोटिक सुरू झालंय का, आजार कधीपासून. फॉर्म अर्धवट भरलेला असेल, तसा तो असतोच, तर विचारा. 'गळो दुखता' एवढंच सांगणाऱ्या आईला "किती दिवस झाले?" हा एक प्रश्न कोकणीत विचारता आला की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

दिवस मोजायला मी एवढी का सांगते? गट ए म्हणजे स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस. त्याच्या अनेक आजारांचा हिशेबच आठवड्यांचा आहे. घसा साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा जास्त दुखतो आणि बहुतेकदा आपोआप बराही होतो. खरं दुखणं मागून येतं. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक फीव्हर उद्भवतो, सांधे सुजतात, आणि पुढे हृदयाची झडप, विशेषतः मायट्रल, कायमची बिघडू शकते. तिथे जंतू झडपेवर जाऊन बसलेला नसतो. जंतूविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या पेशींवर उलटते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी रुमॅटिक फीव्हर टाळता येतो. कल्चरला दीड-दोन दिवस लागतात, ते परवडतं ते यामुळेच. एकदा हा आजार झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

याच जंतूमागून येणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचं वेगळं. घशानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी, पण त्वचेच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी चेहरा सुजतो, लघवी चहाच्या रंगाची होते. पावसाळ्यात मुलांच्या पायांवर खाजवून झालेल्या जखमा, त्यावर पिवळसर खपल्या, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. घरचे म्हणतात 'पावसाचं आहे, जाईल'. जातंही. पण चतुर्थीच्या सुमारास मूल सुजलेल्या डोळ्यांनी ओपीडीत आलं, तर जखमा कधी होत्या हे विचारायला हवं. आणि इथेच एएसओ टेस्ट फसवते. ही टेस्ट जंतूच्या 'स्ट्रेप्टोलायसिन ओ' या लाल पेशी फोडणाऱ्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. घशाच्या संसर्गात एएसओ वाढतो, त्वचेच्या संसर्गात बहुधा वाढत नाही, कारण त्वचेतलं कोलेस्टेरॉल त्या विषाला निकामी करतं. अशा वेळी अँटी-डीएनेज बी ही जंतूच्या दुसऱ्या एका घटकाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी टेस्ट उपयोगी पडते. उलट, एएसओ २००च्या वर आला म्हणून रुमॅटिक फीव्हर ठरत नाही. शाळकरी मुलांत तो नुसत्या जुन्या घसादुखीनेही वाढलेला सापडतो. 'एएसओ पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर घाबरलेले पालक मी पुष्कळ पाहिलेत.

आता प्लेट. ती नेहमी उजेडासमोर धरून, मागून प्रकाश येऊ देत बघा. टेबलावर ठेवून पाहिलेला बीटा हिमोलिसिस आणि उजेडात पाहिलेला, यात फार फरक पडतो. स्वॅब लावताना लूपने (तारेच्या कड्याने) अगारमध्ये एक-दोन ठिकाणी टोचा. स्ट्रेप्टोलायसिन ओ ऑक्सिजनमध्ये निष्प्रभ होतं, त्यामुळे पृष्ठभागावर न दिसणारा हिमोलिसिस टोचलेल्या जागी उठून दिसतो. कॅटालेज टेस्टमध्ये कॉलनीवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर बुडबुडे आले तर स्टॅफिलो, नाही तर स्ट्रेप्टो. तिच्यासाठी कॉलनी उचलताना खालचं रक्त खरवडून येऊ देऊ नका. लाल पेशींतही कॅटालेज असतं, बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टोचा स्टॅफिलो होऊन बसतो.

गट ए ओळखायला बॅसिट्रॅसिनची ०.०४ युनिटची डिस्क (औषध लावलेली कागदाची चकती) स्वस्त आणि सोपी, पण सी आणि जी गटातले काही जंतूही तिला दाद देतात. जमत असेल तर पीवायआर ही रंगाची टेस्ट करा, काही मिनिटांत लाल रंग दिसतो. गट बीसाठी कॅम्प टेस्ट मला आजही बघायला आवडते. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या रेषेजवळ बाणाच्या टोकासारखा हिमोलिसिस होतो. हा गट बी नवजात बाळाला जिवावर बेतणारा संसर्ग देऊ शकतो, म्हणून गरोदर बाईच्या स्वॅबवरचा फिकट, अरुंद हिमोलिसिस दुर्लक्षून चालत नाही. न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा जंतू, अल्फाच, पण ऑप्टोचिन डिस्कभोवती वाढ नसलेलं १४ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं वर्तुळ पडतं. कॉलनी जुनी झाली की मधोमध खचते आणि कॅरमच्या सोंगटीसारखी दिसते. ती एकदा पाहिली की पुस्तकाची गरज राहत नाही.

गोव्यातल्या लॅबच्या दोन अडचणी पुस्तकात नाहीत. पहिली मेंढीच्या रक्ताची. ब्लड अगारला ५ टक्के मेंढीचं रक्त लागतं, आणि मेंढ्या इथे शोधून सापडायच्या नाहीत. आमच्याकडचे धनगर-गवळी म्हशी पाळतात. मग कुणीतरी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त वापरायची शक्कल सांगतो. ऐकू नका. त्या रक्तात अँटिबॉडी, अँटिबायोटिकचे अंश असू शकतात आणि हिमोलिसिसचा भरवसा राहत नाही. तयार प्लेटी महाग पडतात, पण त्याच घ्या. दुसरी अडचण दमट हवेची. डिस्कची कुपी फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडली की आत दव धरतं आणि डिस्कची ताकद उतरते. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सिलिका जेल बदलत राहा, आणि माहीत असलेल्या स्ट्रेनवर डिस्क नियमित तपासा. जून ते सप्टेंबर तर विशेष.

एक बरी बातमी अशी की पेनिसिलिनला स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस आजही शरण येतो. रिपोर्टात त्याला पेनिसिलिन-रेझिस्टंट लिहायची वेळ आली, तर आधी आपली ओळख चुकली की डिस्क, हे तपासा. एरिथ्रोमायसिनचं तसं नाही, तिथे रेझिस्टन्स भेटतो.

गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, जिथून वाढलं ती पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ची. व्हिएन्नात सेमेलवाइसने प्रसूतीच्या वॉर्डात डॉक्टरांना हात धुवायला लावले ते १८४७मध्ये, आणि त्या बाळंतज्वरात साखळीने राहणारे जंतू असतात हे पाश्चरने १८७९मध्ये दाखवलं. म्हणजे त्या शाळेतून बाहेर पडलेले पहिले वैद्य हा जंतू ठाऊक नसतानाच बाळंतिणींवर उपचार करत होते. बांबोळीला गेलं की मला हे हमखास आठवतं.

नोकरीचं विचाराल तर, वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कंपन्यांच्या क्यूसी (दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीवाल्यांना जागा असतात, वेळा ठरलेल्या असतात. पण तिथे स्टेरिलिटी, पाणी, ई. कोलाय, स्यूडोमोनास यांतच दिवस जातो. स्ट्रेप्टोकोकस क्वचितच भेटेल. रोग्यापर्यंत पोचणारं काम हवं असेल तर हॉस्पिटल, आणि त्याबरोबर रात्रपाळी, रविवार, चतुर्थीची ड्युटी. एमबीबीएसवाल्यांना एमडी मायक्रोबायोलॉजीचा रस्ता आहे. बाकीच्यांनी बीएस्सीनंतर नुसतं एमएस्सी करण्यापेक्षा डीएमएलटी किंवा बीएमएलटीकडेही (लॅब टेक्नॉलॉजीची पदविका किंवा पदवी) बघावं, कारण हॉस्पिटलं टेक्निशियनच्या जागेला बहुधा तीच पात्रता मागतात. सरकारी जागांसाठी कोकणी लागते, तेव्हा डिचोली-पेडण्याकडच्या आपल्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्यांनी अर्जाआधी जाहिरातीतली भाषेची आणि रहिवासी दाखल्याची अट नीट वाचून घ्यावी.