जॅग्वारच्या एक्सके इंजिनात नवे कॅमशाफ्ट कसे बसवावेत

कॅमशाफ्ट, म्हणजे फिरत फिरत इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हा शब्द सोलापूरला नवा नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथलीच. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कॅम ओतणारे, ग्राइंड करणारे, मायक्रोमीटर लावून तपासणारे कितीतरी हात आहेत. त्यामुळे जुन्या गाडीचं इंजिन इथं उघडलं, तर जाणता माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. तरीही डबल कॅमच्या इंजिनात नवे कॅम बसवणं हे शांतपणे करायचं काम आहे. इथं मी जॅग्वारच्या सहा सिलिंडरच्या एक्सके इंजिनाबद्दल लिहितोय. १९४८ मध्ये एक्सके १२० बरोबर ते आलं आणि १९६१ च्या ई-टाईपमध्येही तेच होतं. अॅल्युमिनियमचं हेड, त्यावर दोन कॅम, कॅमखाली उलट्या वाटीसारखे टॅपेट, टॅपेटखाली शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, आणि शिमखाली व्हॉल्व्ह, अशी त्याची रचना.

आधी माल तपासा. जुना कॅम रीग्राइंड करून, म्हणजे पुन्हा घासून, मिळाला असेल, तर त्याचा पाठीकडचा गोल भाग लहान झालेला असतो. म्हणजे कॅम आणि टॅपेटमधली गॅप वाढते आणि जाड शिम लागतात. नवा कॅम असेल तर त्याच्याबरोबरचं कार्ड जपून ठेवा, कारण गॅप आणि टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे ते) त्या कार्डाप्रमाणेच लावायचं असतं. टॅपेटचा माथा उजेडात धरून तिरका बघा. खड्डे किंवा घासल्याचा चट्टा दिसला, तर तो टॅपेट नव्या कॅमखाली घालू नका. एकदा टॅपेटचे गाइडही पाहून घ्या. या हेडमध्ये ते ढिले होऊन वर सरकतात आणि कॅमला लागतात. गाइड दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा संच मिळतो. हेड उघडलंच आहे, तर तो बसवूनच टाका.

स्वच्छतेचं एक खास सोलापुरी पथ्य आहे. पुसायला आपला टॉवेल घेऊ नका. टर्किश टॉवेलचे धागे सुटतात, आणि शेजारी पॉवरलूम असेल तर रुई हवेतही असते. कॅमला तेल नेणारी भोकं बारीक आहेत. धागा तिथं अडकला, तर बेअरिंग कोरडं पडतं. धागे न सोडणारं कापड वापरा, तेलाच्या वाटा हवा मारून साफ करा आणि रात्री काम थांबवताना हेड प्लास्टिकने झाका.

आता गॅप. हेड टेबलावर ठेवताना तोंडाखाली लाकडी ठोकळे द्या, कारण उघडे व्हॉल्व्ह हेडच्या खाली येतात आणि सपाट फळीवर टेकले की वाकतात. गॅप मोजताना एका वेळी एकच कॅम बसवायचा. दोन्ही कॅम बसवून एक फिरवलात, तर इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. प्रत्येक कॅमला चार बेअरिंग कॅप असतात. कॅपवरचा आणि हेडवरचा नंबर जुळवूनच कॅप लावा. नट एकदम आवळू नका. काही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला वर ढकलत असतात. एकीकडून कॅप दाबला तर शाफ्टला बाक येतो, आणि ओतीव लोखंडाचा शाफ्ट वाकण्याऐवजी तुटतो. सगळे नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा देत खाली आणा आणि शेवटी टॉर्क पान्याने १५ फूट-पौंडाला, म्हणजे साधारण २ किलोग्रॅम-मीटरला आवळा.

लोबचं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक टॅपेटपासून उलट बाजूला येईल असा कॅम फिरवा आणि फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पाती, घाला. ई-टाईपच्या मूळ कॅमला इनलेटची गॅप ४ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टची ६ थाऊ. शिमवर अक्षर असतं: ए म्हणजे ८५ थाऊ, पुढे प्रत्येक अक्षराला एक थाऊ वाढत झेड म्हणजे ११०. हिशेब सोपा आहे. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली गॅप मिळवा आणि हवी असलेली गॅप वजा करा. इनलेटला डी शिम, म्हणजे ८८ आहे आणि गॅप ७ निघाली, तर ८८ अधिक ७ वजा ४ म्हणजे ९१, अर्थात जी शिम. जुनी शिम हातात आली की अक्षरावर भरवसा न ठेवता मायक्रोमीटरने मोजा, कारण वापरलेली शिम झिजलेली असते. बाराही व्हॉल्व्हचा तक्ता वहीत मांडा, मगच शिम मागवा.

हे मोजमाप पहाटे करा. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली हेडला हात लावा, म्हणजे कळेल. सकाळी आणि दुपारी मोजलेल्या गॅपमध्ये एका थाऊचा फरक सहज पडू शकतो, आणि तो बरोबर एका शिमचा फरक आहे.

गॅप लागली की टायमिंग. जॅग्वार सिलिंडरचे नंबर मागून मोजते, त्यामुळे सहा नंबर सर्वात पुढे, रेडिएटरकडे. हेड ब्लॉकवर ठेवण्याआधी सहा नंबर फायरिंगच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटायची जागा) आणा. दोन्ही कॅमच्या पुढच्या फ्लँजवरची खाच कॅम सेटिंग गेजमध्ये बसवून घ्या आणि मगच हेड ब्लॉकवर ठेवा. यानंतर चेन जोडेपर्यंत कॅम किंवा क्रँक फिरवायचा नाही.

वरची चेन आधी ताणून घ्या. आयडलर, म्हणजे चेन ताणणारं मधलं चाक, त्याचा एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला असलेली धुरी) फिरवून ताण असा ठेवा की स्प्रॉकेटखालच्या, म्हणजे कॅमच्या दातेरी चाकाखालच्या, बाहेरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर चेन किंचित हलेल, तारेसारखी ताठ राहणार नाही. मग स्प्रॉकेटच्या आतली दातेरी प्लेट मागे ओढा आणि तिची भोकं कॅमच्या भोकांशी जुळेपर्यंत दाते बदलत राहा. अर्ध्या दात्याने चुकत असेल, तर प्लेट अर्धा फेरा फिरवून बसवा. पुष्कळ जण इथं वैतागून कॅमच थोडा सरकवतात. तसं करू नका. स्क्रू लावून लॉक केल्यावर इंजिन चालत्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवा आणि गेज पुन्हा लावा. मध्येच अडकल्यासारखं वाटलं, तर जोर न लावता थांबा. हेड फेसिंग केलेलं असेल किंवा कॅम वेगळ्या प्रोफाइलचे असतील, तर गेजवर विसंबू नका. डिग्री व्हील (अंश दाखवणारी चकती) आणि डायल गेज लावून कार्डावरचे अंश तपासा.

इंजिन सुरू करण्याआधी लोबना आणि टॅपेटच्या माथ्यांना असेंब्ली ल्युब चोळलेलं हवं. तेल झिंक जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. प्लग काढून, इग्निशनची जोडणी सोडवून, प्रेशर गेज हलेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. हेडच्या मागच्या बाजूला तेल नेणाऱ्या नळीच्या जोडांवर एकाने नजर ठेवावी. इंजिन सुरू झालं की आयडलवर सोडू नका. वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास, किंचित वर-खाली करत चालवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम सूर्योदयाला घ्या आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवा. तापमान चढायला लागलं तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या, आणि राहिलेली मिनिटं नंतर पुरी करा. नंतर तेल आणि फिल्टर बदला. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन रात्रभर थंड ठेवून बाराही गॅप पुन्हा मोजा आणि वहीतल्या तक्त्याशेजारी लिहा. एखाद्याच व्हॉल्व्हची गॅप बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलेली दिसली, तर तो लोब आणि त्याखालचा टॅपेट उघडून बघा.