शहरात कोल्हा मेलेला आढळला तर मृत्यूचं कारण कसं शोधायचं?

मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या खाडीकाठी तिवरांच्या आडोशाने कोल्हे पिढ्यान् पिढ्या राहतात. २०२४ च्या अखेरीस चेंबूर, गोवंडी, ट्रॉम्बेच्या पट्ट्यात काही कोल्हे मेले आणि तपासणीत त्यांतल्या काहींना रेबीज झाल्याचं निघालं. हे कळलं ते मेंदूचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचला म्हणून. एरवी काय होतं? सोसायटीचा सफाई कामगार कोल्हा गोणीत भरतो, कचऱ्याच्या गाडीत टाकतो, आणि मागे उरते ती फक्त कुजबूज: ‘पिसाळला होता’, नाहीतर ‘कुणीतरी विष घातलं’.

सगळ्यात आधी: हात लावू नका. रेबीजचा विषाणू लाळेत असतो आणि जनावर मेल्यावरही काही काळ टिकतो. कुत्र्यांना आणि पोरांना लांब ठेवा. लाळ जखमेला लागली असेल किंवा कोल्हा जिवंत असताना कुणाला चावला असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. कोल्ह्याच्या अहवालाची वाट पाहत बसू नका.

मग १९२६ वर फोन करा. ही महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आला आहे. मेलेला कोल्हाही सरकारचीच मालमत्ता, त्यामुळे तो परस्पर पुरणं, जाळणं किंवा हलवणं कायद्यात बसत नाही. पंचनामा वनविभाग करतो आणि शवविच्छेदन पशुवैद्यक. वनरक्षक येईपर्यंत वर सावली करता आली तर करा. आपल्याकडच्या उन्हात मेंदू किती लवकर पाघळतो याची बहुतेकांना कल्पना नसते, आणि रेबीजचं उत्तर तर त्या मेंदूतच असतं.

वनरक्षकाची वाट पाहताना फोटो काढा, आधी लांबून आणि मग जवळून. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळतो. तोंडाला फेस आहे का, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव येतोय का, कातडी केस गळून जाड, खपलीदार झाली आहे का (ही खरूज) ते पाहा. नखं खास बघा. गाडीने उडवलेल्या जनावराची नखं रस्त्यावर घासून झिजलेली, टोकं फाटलेली दिसतात. बाहेरून एकही जखम नसताना कोल्हा रस्ता-अपघातात गेला, हे पुष्कळदा नखांवरूनच लक्षात येतं. आसपासही नजर फिरवा. मृतदेहाभोवती माश्या मरून पडल्या असतील किंवा जवळच कावळा, घार मेलेली असेल, तर विषाचा संशय बळावतो. अर्धवट खाल्लेलं मांस दिसलं तर तेही दाखवा, उचलू नका.

जखमांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. लंडनच्या क्रॉयडन भागात २०१४ पासून मुंडकं किंवा शेपूट नसलेली मांजरं सापडू लागली आणि कुणी विकृत माणूस मोकाट हिंडतोय, अशी लोकांची खात्रीच पटली. पोलिसांनी २०१८ मध्ये तपास थांबवला तो वेगळ्याच निष्कर्षावर: मांजरं बहुधा गाड्यांखाली मेली होती आणि तिथल्या शहरी खोकडांनी (कोल्ह्यासारखाच दिसणारा प्राणी, इंग्रजीत फॉक्स) नंतर त्यांचे लचके तोडले होते. आपल्याकडे हेच काम कावळे, घोरपडी, खेकडे आणि भटकी कुत्री करतात. जिवंतपणी झालेल्या जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळतं, मेल्यानंतरच्या जखमेत नाही. हा फरक शवविच्छेदनातच दिसतो.

नमुन्यांबद्दल विचारा. हा तुमचा हक्क आहे, संकोच नको. रेबीजसाठी मेंदूचा ताजा तुकडा बर्फावर जायला हवा. सगळा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) बुडवला, तर रेबीजची नेहमीची चाचणी नीट करता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, असे दोन्ही घेतात. डिस्टेम्परमध्येही (कुत्र्यांच्या कुळाला होणारा एक विषाणूजन्य आजार) जनावर झोकांड्या खातं, तोंड वाजवतं, हुबेहूब पिसाळल्यासारखं दिसतं. म्हणून फुप्फुस आणि प्लीहाही हवी. विषासाठी पोटातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड. उंदीर मारायच्या काही औषधांनी रक्त गोठत नाही आणि आत रक्तस्राव होतो. त्यांचा अंश यकृतात सापडतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने पाठवता येतात का, ते वनाधिकाऱ्यांना विचारा.

एकाच घटनेवर थांबू नका. तारीख, जागा, आसपासच्या कुत्र्यांचं वागणं, आठवडाभरात कुठे औषधफवारणी झाली का, हे वहीत टिपून ठेवा. महिनाभरात एकाच पट्ट्यात दोन-तीन कोल्हे गेले तर ती नोंद वनविभागाला आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याला लेखी द्या. साथ आणि अपघात यांतला फरक अशा नोंदींतूनच कळतो. ब्रिस्टलमध्ये १९९४ मध्ये खरजेची साथ आली आणि शहरातली बहुतेक खोकडं संपली. तिथे ते आकड्यांत सांगता आलं, कारण त्यांची गणना आधीपासून चालू होती.

अहवाल हाती येईपर्यंत पाठपुरावा करा. मिळत नसेल तर पंचनाम्याचा दिनांक देऊन माहिती अधिकारात अर्ज करा. ‘नमुना कुजलेला, निष्कर्ष नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ रेबीज नव्हता असा होत नाही. रेबीज निघाला, तर कोल्ह्यांना हाकलण्याची मागणी नको, भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाची करा. परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, आणि गोव्याने हे करून दाखवलं आहे: वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस दिल्यावर २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.